जोधपूर पायी: पाण्याच्या वाटेने तीन दिवस

जोधपूरला जाणारे बहुतेक लोक मेहरानगड किल्ला पाहतात, घंटाघराच्या बाजारात मोजड्या घेतात, निळ्या भिंतीपुढे दोन फोटो काढतात आणि संध्याकाळी जैसलमेरची गाडी धरतात. एका दिवसात सगळं उरकतं. पण असं उरकलेलं जोधपूर घरी परतेपर्यंत पुसट होऊन जातं. हे शहर पायांनी पाहायचं आहे, आणि त्यासाठी निदान तीन दिवस हातात हवेत.

पायी म्हणजे कुठून कुठे, हा पुढचा प्रश्न. त्याला माझं एक उत्तर ठरलेलं आहे. इथे वर्षभरात साधारण ३६ सेंटीमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पडतो. एवढ्याशा पावसावर राव जोधाने १४५९ मध्ये राजधानी वसवली आणि ती आजतागायत नांदते आहे. कशी, याचा शोध घेत चाला. टेकडीवर पडलेला थेंब खडकातल्या चरातून तळ्यात, तळ्यातून झालऱ्यात, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, आणि तिथून घराच्या माठात कसा पोचायचा, त्या वाटेने निघा. टेकड्या, किल्ला, निळ्या गल्ल्या, बाजार सगळं त्या वाटेवरच येतं. शिवाय पाणी वरून खाली जातं, त्यामुळे आपलीही चाल बहुतेक उताराची होते. गुडघ्यांना हा मोठाच दिलासा.

कधी जायचं, आणि दिवस कसा कापायचा

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. डिसेंबर-जानेवारीत दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास ऊन असतं आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरू शकतो. एप्रिलपासून चालणं सोडा. मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर तापमान हे तिथलं रोजचंच आहे.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगेन. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, चांगला पाऊस झालेल्या वर्षी, जमलं तर जाच. उकाडा असतो, पण लाल खडकावर हिरवं गवत, फटीफटीतून फुलं आणि कोरड्या ओढ्यांना पाणी असं वाळवंट फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं.

दिवसाचे दोन तुकडे करायचे: सकाळ आणि संध्याकाळ. हिवाळ्यात इथे सूर्य उशिरा उगवतो, जानेवारीत सव्वासातनंतरच. म्हणजे सातला खोलीतून बाहेर पडलात तरी पहिलं ऊन तुमच्याच वाट्याला येतं. साडेअकरापर्यंत चालायचं, मग जाड भिंतींच्या आत जायचं, ते थेट चारला बाहेर. जोधपूरला सूर्यनगरी म्हणतात ते उगाच नाही. पहिल्या खेपेला मी फेब्रुवारीच्या गुलाबी थंडीला फसलो आणि भर दुपारी टोपीशिवाय खडकांत फिरत राहिलो. हवा गार असल्यामुळे घाम येतोय हे कळलंच नाही. रात्री डोकं इतकं ठणकलं की पुढची सकाळ अंथरुणात गेली. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी घ्या.

सामान थोडकंच हवं. माणशी दीड-दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी किंवा इलेक्ट्रॉल, कडा असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि डोक्याला, तोंडाला, धुळीला कशालाही वापरता येईल असा एक मोठा पंचा. बूट तळाला पकड असलेले घ्या. किल्ल्याच्या चढावरचा दगड शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालाय आणि पहिल्या सकाळी लागणाऱ्या रॉक पार्कातला खडक धारदार आहे. हिवाळ्यात पातळ स्वेटर सकाळी अंगात आणि दहानंतर पिशवीत.

मुंबईहून सूर्यनगरी एक्सप्रेस दुपारी वांद्रे टर्मिनसवरून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला पोचते. राहायचं ते परकोट्याच्या आत, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतल्या शहरात. तिथल्या अनेक हवेल्या आता गेस्टहाउस झाल्या आहेत. गाडी दारापर्यंत जात नाही आणि जिने उभे असतात, म्हणून चाकांच्या सूटकेसपेक्षा पाठपिशवी बरी. ऑटोवाल्याला घंटाघरापाशी किंवा जवळच्या पोळीपाशी सोडायला सांगा आणि तिथून मालकांना फोन करा, कोणीतरी न्यायला येतं. पोळ म्हणजे दरवाजा. नागोरी, मेडती, सोजती, जालोरी, सिवांची आणि चांदपोळ ही नावं लक्षात ठेवा. जुन्या शहरात पत्ता या दरवाजांवरून सांगितला जातो.

पहिली सकाळ: खडकावरचं वाळवंट

सुरुवात किल्ल्यापासून नको. किल्ल्याच्या उत्तरेला, त्याच्या पायथ्याशी लागूनच, राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. साधारण ७० हेक्टर. प्रवेश जुन्या शहराच्या तटातल्या सिंघोरिया पोळीतून. पार्क उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि उघडल्या उघडल्या आत शिरा. दोन-अडीच तास द्या. वाटा रंगांच्या खुणांनी दाखवल्या आहेत, पण पहिल्यांदा जाताना पार्कातला मार्गदर्शक सोबत घ्याच. एकट्याला जी नुसती काटेरी झुडपं दिसतात, त्यांत त्याला वीस-पंचवीस निरनिराळी झाडं दिसतात.

आधी खडक पाहा. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे गंमत वाटते. आपला काळा बेसाल्टही ज्वालामुखीचा आणि हा लालसर-जांभळट रायोलाइटही ज्वालामुखीचाच. पण आपला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा. हात फिरवा. काचेसारखा कठीण, बारीक स्फटिकांनी खरखरीत. किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर हाच दगड उभा चिरत जाऊन खांबांसारखा झालाय. ज्यांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली आहे त्यांना ते रूप लगेच ओळखू येईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथल्या खडकाला राष्ट्रीय भूवारसा स्मारक ठरवलं आहे. या खडकात पाणी मुरत नाही, वाहून जातं. जोधपूरच्या पाण्याची सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे: मुरत नाही ना, मग वाहणारं अडवा आणि वळवा.

आता झाडं. २००६ साली काम सुरू झालं तेव्हा ही सगळी टेकडी वेड्या बाभळीने गिळलेली होती. इथे तिला बावळिया म्हणतात. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. गेल्या शतकात या भागात हिरवळीसाठी म्हणून मुद्दाम आणली गेली आणि तिने स्थानिक झाडांचं जगणं मुश्किल केलं. वरून कापली की दुप्पट जोमाने फुटते. तिला मुळापासून काढायचं तर एवढ्या कठीण खडकात हातभर खोल खणायला हवं. झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्यावर ही जबाबदारी होती आणि उपाय सापडला तो खंडवालियांकडे. पिढ्यान् पिढ्या दगडाच्या खाणीत काम केलेली ही माणसं. ते हातोडीने खडकावर ठोकतात, आवाज ऐकतात आणि भेग कुठे आहे, कुठल्या बाजूने जाते ते सांगतात. छिन्नी नेमकी तिथेच लावायची. असे शेकडो खड्डे खणून बावळिया काढली आणि त्याच खड्ड्यांत वाळवंटातली अस्सल झाडं लावली. २०११ मध्ये पार्क लोकांसाठी खुला झाला. एकेका झाडाच्या बुंध्याशी तो हातांनी फोडलेला खड्डा आजही दिसतो. वाकून पाहा. छिन्नीच्या खुणा आहेत.

सगळ्यात जास्त दिसेल ते थोर. बोटांसारख्या जाड, काटेरी, हिरव्या कांड्यांचा जुडगा. पानं फक्त पावसाळ्यापुरती, हिवाळ्यात टोकांना बारीक लालसर फुलं. एका मोठ्या थोराजवळ मांडी घालून पाच मिनिटं बसा आणि आत डोकवा. कांड्यांच्या मधोमध हमखास दुसरंच एखादं रोप वाढताना दिसतं, कुमट किंवा गंगेटी. शेळ्यांच्या तोंडापासून आणि उन्हापासून थोर त्याला सांभाळतं. मग केर पाहा, जवळजवळ बिनपानांचं. कुमट, ज्याचा डिंक आणि बिया दोन्ही खातात. गुग्गुळ. पीलू. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर केशरी फुलांनी पेटलेला रोहिडा, राजस्थानचं राज्यपुष्प. आणि खेजडी. ही आपली शमी, दसऱ्याला पुजतो तीच. नावं वहीत लिहून ठेवा. दुपारी जेवताना आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भेटणार आहेत.

परतताना ओढ्याच्या वाटेने या. एक खोल, सरळ चर रायोलाइटमध्ये माणसांनी कोरलाय. टेकड्यांवरचं पावसाचं पाणी किल्ल्याखालच्या तळ्यांकडे न्यायची ही जुनी नहर. दोन्ही भिंतींवर हात ठेवून मधून चाला. सुरुंगाच्या आधीच्या काळात हा दगड किती हातांनी, किती वर्षं फोडला असेल, याचा अंदाज तळहाताला येतो.

पार्काच्या कडेला देवकुंड तळं आहे आणि त्याच्या वर जसवंत थडा. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ १८९९ मध्ये मकराण्याच्या संगमरवरात बांधलेलं. आतल्या काही शिळा इतक्या पातळ आहेत की ऊन पलीकडून आत झिरपतं. अर्धा तास पुरे.

दुपार: किल्ला, पण दुसऱ्या दाराने बाहेर

साडेदहा-अकराला मेहरानगडात शिरा. ऊन चढेल तेव्हा तुम्ही जाड भिंतींच्या आत असाल. जयपोळीतून आत जायचं. ही १८०६ मध्ये महाराजा मानसिंहांनी बांधली. ऑडिओ गाइड घ्या, उत्तम आहे. संग्रहालयातल्या पालख्या, पाळणे, फूलमहाल यांबद्दल तो सगळं सांगतो, मी पुन्हा सांगत नाही.

दोन गोष्टी मात्र घाईत सुटू नयेत. एक, चिडियानाथजींची कथा. ज्या टेकडीवर किल्ला उभा राहणार होता तिथे ते साधू राहत होते. त्यांना उठवलं तेव्हा त्यांनी शाप दिला की इथे कायम पाण्याचा दुष्काळ पडेल. शाप खरा माना वा नका मानू. पण एका शहराने स्वतःच्या जन्मकथेतच तहान घालून ठेवली आहे. दुसरी गोष्ट, राजाराम मेघवाळ यांची स्मृतिशिळा. किल्ला अभेद्य व्हावा म्हणून पायाभरणीत जिवंत माणूस पुरायची समजूत होती आणि त्यासाठी त्यांनी जीव दिला, असं परंपरा सांगते. तोफांपुढे गर्दी असते, या शिळेपुढे फारसं कोणी थांबत नाही. थांबा. लोहापोळीजवळच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, तिथेही.

तटावर गेल्यावर पश्चिमेकडे तोंड करून खाली पाहा. उजवीकडे तटाला बिलगून राणीसर आणि पदमसर ही तळी, त्यांच्या पलीकडे ब्रह्मपुरीची निळी घरं. सकाळी पाहिलेल्या चराचं पाणी कुठे आलं ते इथून एका नजरेत कळतं. राणीसर राव जोधाच्या राणी जसमादे हाडी यांनी बांधवलं. वरचं राणीसर किल्ल्यासाठी. ते भरलं की जादा पाणी खालच्या पदमसरात, आणि ते गावासाठी.

आता महत्त्वाची सूचना. बहुतेक लोक आल्या वाटेने जयपोळीतून परत जातात आणि तिथून ऑटो करतात. तुम्ही फतेहपोळीतून बाहेर पडा. ही शहराच्या अंगाची पोळ, १७०७ मध्ये महाराजा अजितसिंहांनी बांधलेली. तिच्यातून फरसबंदी उताराने दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही थेट नवचौकियात उतरता, जुन्या शहराच्या अगदी पोटात. पाण्याचीही वाट हीच.

संध्याकाळ: निळ्या गल्ल्या

नवचौकिया, ब्रह्मपुरी, चांदपोळ. हा भाग नकाशा घेऊन पाहायचा नाही. चढ लागला तर किल्ल्याकडे जाताय, उतार लागला तर बाजाराकडे. एवढं भान पुरेसं आहे. वाट चुकलात तरी मान वर केली की किल्ला दिसतोच.

ऊन कलल्यावर, साडेचारच्या पुढे चालायला लागा. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत. दोन्हीकडच्या उंच घरांमुळे दिवसातला बराच वेळ त्यांत सावली असते, आणि दारं-खिडक्या अशा की वारा घरातून खेळत राहतो. गाई, स्कूटर, उघडी गटारं हेही आहेच. पाय कुठे पडतोय ते पाहात चाला.

निळा रंग का, याची तीन उत्तरं तुम्हाला मिळतील. ब्राह्मणांची घरं ओळखू यावीत म्हणून. घर गार राहावं म्हणून. वाळवी लागू नये म्हणून. मी विचारलं तितक्या वेळा वेगळं उत्तर मिळालं आणि प्रत्येकाने ते ठामपणे सांगितलं. माझं मत असं की गारव्याचं श्रेय रंगापेक्षा चुन्याला जास्त आहे. पूर्वी कळीच्या चुन्यात थोडी नीळ घालून भिंतीला हात द्यायचे. चुना ऊन परतवतो आणि त्याची भिंत दमट राहत नाही. पोपडा उडालेली एखादी जुनी भिंत शोधा आणि जवळ जाऊन पाहा. वर फिकट आभाळी, त्याखाली गडद, त्याखाली जवळजवळ पांढरा, पुन्हा निळा. दर दिवाळीला, दर लग्नाला दिलेला एकेक हात, वहीच्या पानांसारखा एकावर एक. बोटाने हळूच चोळलंत तर पांढरी भुकटी लागते. शेजारच्या नव्या घराला डब्यातला चकचकीत निळा असतो. त्याला बोट लावा, काहीच लागत नाही. असे चुन्याचे निळे दरवर्षी कमी होताना मी पाहतोय आणि मनाला लागतं.

ही माणसांची घरं आहेत, हे विसरू नका. बाया उंबऱ्यात बसून भाजी निवडत असतात, पोरं अभ्यास करत असतात. फोटोआधी विचारा, आणि नको म्हटलं तर हसून पुढे जा. ‘खम्मा घणी सा’ म्हटलंत की चेहरा खुलतो आणि ‘घणी खम्मा’ उत्तर येतं. वडीलधाऱ्या पुरुषाला बासा, बाईला बाईसा किंवा भाभीसा. मारवाडीत हा ‘सा’ म्हणजे आपला ‘राव’ आणि ‘ताई’ दोन्ही एकदम.

चौकाचौकात दगडी ओटे दिसतील. संध्याकाळी त्यांवर पाच-सहा म्हातारे बसलेले असतात. ही हथाई. आपल्या पारावरच्या गप्पा असाव्यात तशी, पण जोधपूरकर तिला रोजचा नेम मानतात. कोणी ‘पधारो सा’ म्हणून जागा करून दिली तर बसा. चहा आला तर घ्या. आणि विचारा, लहानपणी पाणी कुठून आणायचात? हा एक प्रश्न टाकून मी अख्खी संध्याकाळ ऐकत बसलोय. कुठल्या झालऱ्याचं पाणी गोड, कुठल्याचं डाळ शिजवायला चांगलं, कुठे कोण पाय घसरून पडलं.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पचेटिया टेकडीवर चढा. वाट विचारत जावं लागेल, पायऱ्या घरांच्या मधूनच जातात. वर एका बाजूला किल्ला पूर्ण उंचीने उभा आणि दुसऱ्या बाजूला निळी छपरं. अंधार पडायच्या आत उतरा, पायऱ्यांवर दिवे बेताचेच आहेत.

दुसरी सकाळ: झालरा आणि बाजार

सातच्या सुमाराला मकराणा मोहल्ल्यातल्या तूरजी का झालऱ्यावर जा. बारवा आपल्याकडेही आहेत, पण हा झालरा निराळाच. चौकोनी, दोनशे फुटांहून खोल, गुलाबी वालुकाश्माचा. तळाकडे जाणाऱ्या छोट्या छोट्या पायऱ्यांच्या त्रिकोणी जोड्या भिंतभर पसरलेल्या. महाराजा अभयसिंहांच्या राणीने १७४०च्या दशकात बांधवला. या राज्यात सार्वजनिक पाण्याची कामं राजघराण्यातल्या बायकांनी करायची रीतच होती; पाण्यासाठी पायपीट बायकांचीच होती, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

कित्येक वर्षं हा झालरा गाळात आणि घाण पाण्यात बुडालेला होता. तो उपसून साफ केल्यावर खालचे कोरलेले हत्ती, सिंह, गोमुखं बाहेर आली. दगडाला दोन रंग दिसतील: वरचा उन्हाने काळवंडलेला आणि खालचा, पाण्याखाली राहिलेला, ताजा गुलाबी. वरच्या काठावर बसून घ्या आणि ऊन भिंतीवरून खाली सरकताना पाहा. नऊनंतर गर्दी होते. उन्हाळ्याच्या तोंडाला आसपासची पोरं वरून सूर मारतात. बघायला छान आहे, पण पट्टीचं पोहता येत असलं तरी तुम्ही मारू नका. खोलीचा आणि पाण्याखालच्या पायऱ्यांचा अंदाज त्यांना आहे, तुम्हाला नाही. पायऱ्यांना कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडायचा नाही.

तिथून पाच मिनिटांवर गुलाबसागर. महाराजा विजयसिंहांच्या पासवान, म्हणजे मानाच्या उपपत्नी, गुलाबराय यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधवलेला. काठावरून किल्ल्याचं प्रतिबिंब सकाळीच नीट दिसतं.

या भागात चालताना कुठेतरी पंपाचा घरघराट ऐकू येईल आणि गल्लीत पाइप टाकलेला दिसेल. मी एकदा कुतूहलाने थांबलो, तर घरातल्या आजोबांनी तळघराचं दार उघडून दाखवलं. खालच्या तीन पायऱ्या पाण्यात. वाळवंटातल्या शहरात घराखाली पाणी! इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उचलून कायलाना तलावात आणलं गेलं, नळ आले, आणि जुन्या विहिरी, बावड्या, झालरे उपसणं थांबलं. खडकातल्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याला वाट राहिली नाही आणि ते तळघरांत चढलं. ‘पूर्वी पाण्यासाठी उतरायचो, आता पाणी आमच्याकडे चढतं,’ असं आजोबा म्हणाले. झालरे साफ करून पुन्हा वापरात आणणं का गरजेचं आहे, ते मला त्या तळघरात कळलं.

मग घंटाघर. सरदार मार्केटच्या मधला हा मनोरा महाराजा सरदारसिंहांच्या काळातला. चौकातल्या दुकानांत भाव पर्यटकांचे असतात. मागच्या गल्ल्यांत शिरा, तिथे गावातले लोक मसाले, बांधणी, भांडी घेतात. बांधणीचं कापड उलगडून गाठीची टोकं अजून बांधलेली आहेत का पाहा. छापील असेल तर उलटी बाजू फिकी दिसते आणि बोटाला उंचवटा लागत नाही.

खायचं काय, हे थोडक्यात. सकाळी मिरचीवडा आणि प्याज कचोरी, मधल्या वेळी घट्ट माखणिया लस्सी, गोड म्हणून मावा कचोरी. पण एक जेवण पंचकुट्याचं घ्याच. केर, सांगरी, कुमटाच्या बिया, गूंदा, सगळं वाळवून ठेवलेलं, तेलात परतलेलं. सांगरी म्हणजे खेजडीची शेंग. काल सकाळी वहीत लिहिलेली नावं आज ताटात येतात. दुष्काळात, हिरवी भाजी नसताना, ही माणसं काय खाऊन जगली ते एका घासात कळतं. चव पहिल्या घासाला तुरट वाटेल, तिसऱ्यानंतर पटेल.

दुसरी संध्याकाळ कायलानाच्या काठावर मोकळी ठेवा. हा तलाव १८७२चा. ऑटोने जा आणि परतीसाठी त्याला थांबवून ठेवा, तिथे दुसरा मिळणं कठीण. पाय दमले नसतील तर त्याऐवजी मंडोर. राठोडांची जोधपूरच्या आधीची राजधानी, उत्तरेला आठ-नऊ किलोमीटरवर. बागेत राजांची देवळांसारखी स्मारकं आहेत, इथे त्यांना देवलच म्हणतात. माकडांपासून खाऊ जपा.

तिसरा दिवस: खेजडली आणि गुढा बिश्नोई

यासाठी गाडी लागते. सकाळी साडेसहाला निघा.

आधी गुढा बिश्नोईचं तळं, पहिल्या उन्हात. काळवीट आणि चिंकारे माणसांच्या इतक्या जवळ, इतके निवांत चरताना इतरत्र क्वचित दिसतील. हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियाकडून येणारे करकोचे असतात. मारवाडीत त्यांना कुरजां म्हणतात आणि त्यांची लोकगीतंही आहेत. दुर्बीण असेल तर आणा. गाडीतून उतरून त्यांच्या दिशेने चालत जाऊ नका, गप्प बसा, तेच जवळ येतात. प्राण्यांना अभय आहे ते बिश्नोईंमुळे. गुरू जंभेश्वरांनी १४८५ मध्ये घालून दिलेले २९ नियम ते पाळतात; हिरवं झाड न तोडणं आणि जिवांवर दया हे त्यांतलेच. गावालगत ओरण दिसेल, देवाच्या नावाने राखलेलं रान. आपली देवराई.

‘व्हिलेज सफारी’ म्हणून जीपवाले गावागावांत फिरवतात. घेतलीत तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: अफूच्या पाण्याचा ‘कार्यक्रम’ नको. अफू जवळ बाळगणं गुन्हा आहे आणि कुणाच्या घरातली रीत पाहुण्यांसाठी रोज चार वेळा करून दाखवायला लावणं बरं नाही. त्यापेक्षा विणकराच्या मागाजवळ किंवा कुंभाराच्या चाकाजवळ तासभर बसा आणि वस्तू थेट त्यांच्याकडून घ्या.

मग खेजडली, शहरापासून साधारण २५ किलोमीटर. १७३० मध्ये महाराजा अभयसिंहांच्या महालाच्या बांधकामाला चुना हवा होता, चुनाभट्टीला लाकूड हवं होतं आणि लाकूड या गावात होतं. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. अमृतादेवी बिश्नोई खेजडीला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरच कुऱ्हाड चालली. मग त्यांच्या मुली, मग एकामागून एक माणसं. एकूण ३६३. भाद्रपद शुद्ध दशमीला इथे मोठा मेळा भरतो. एरवी शांत असतं. आवारात चप्पल काढून जा, आवाज करू नका. खेजड्यांची दाट राई आहे, मोरांचे आवाज येतात.

राणीचा झालरा याच अभयसिंहांच्या राज्यातला, या दिवसानंतर दहा-पंधरा वर्षांनी बांधलेला. आणि निळ्या भिंतीवरून बोटाला लागलेली ती पांढरी भुकटीही चुन्याचीच होती. खेजडलीला मी त्या भुकटीशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करू शकलो नाही. एका खेजडीखाली बसा, घाई नको. तिची मुळं फार खोल जातात, म्हणून मे महिन्यातही ती हिरवी असते आणि तिच्या सावलीत बाजरी उगवते.

परतीच्या गाडीआधी तासभर उरला तर मागच्या बाजारातल्या किराणा दुकानातून पाव किलो सांगरी आणि थोडे केर घ्या. सांगरी बारीक आणि गडद तपकिरी असलेली निवडा, जाड शेंग चिवट राहते. घरी आल्यावर दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजत घाला, केरांच्या पाण्यात चमचाभर ताक टाका म्हणजे कडवटपणा निघून जातो. सकाळी धुऊन, मऊ शिजवून, मोहरीच्या तेलात लाल मिरची, धणे, हळद आणि आमचूर घालून परता. बाजरीची भाकरी करा सोबत.